डबीतले पाच सागरगोटे

श्रावणातली दुपार होती. वीज गेलेली आणि नातीला काय करावे ते सुचत नव्हते. माझ्या आईने, म्हणजे तिच्या पणजीने, उशाशी ठेवलेली पितळी डबी उघडली आणि पाच गोटे फरशीवर ओतले. टक् टक् करत ते पांगले. राखाडी, गुळगुळीत, सुपारीपेक्षा थोडे लहान. नातीने एक उचलला, नखाने ओरखडून पाहिला, दातांखाली धरू लागली तेव्हा मी तिचा हात धरला.

"पणजी, हे दगड कुठले गं?"

"दगड नव्हेत ते. बिया आहेत. सागरगोट्याच्या."

"झाडाच्या?"

"मग काय!"

नातीला ते पटले नाही. बी म्हणजे हरभऱ्यासारखी, चिंचोक्यासारखी, दाताने किंवा खलबत्त्याने फुटणारी. हे तर फरशीवर आपटले तरी टवका उडत नव्हता. आईने वाद घातला नाही. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, बोटांची पेरे सुजलेली आहेत. ती भिंतीला टेकून मांडी घालून बसली, एक गोटा वर उडवला, खालचा एक टिपला आणि वरचा झेलायला तळहात पुढे केला. पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदा बरोबर मुठीत आला. मग दोन दोन उचलले, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. शेवटी पाचही उडवून उपड्या पंजावर झेलायचे होते, तिथे तीन सांडले. सांडलेल्या तिघांकडे ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हात थरथरतो आता. पण डोळ्यांना आठवतंय सगळं."

त्या पाचांतले दोन तिच्या आईचे आहेत. कुठले दोन, ते तिलाच कळते. ते जरा जास्त काळपट आहेत, आणि हातांच्या घामाने इतके चकाकलेले की खिडकीचा उजेड त्यांत दिसतो.

मी मात्र त्या दुपारी वेगळ्याच कारणाने ओशाळले. सागरगोटा हा शब्द मी साठ वर्षे बोलते आहे. मंगळागौरीच्या रात्री खेळले आहे, शाळेच्या मधल्या सुट्टीत खेळले आहे. भावाने गोटा पायरीवर घासून तापवून माझ्या दंडाला लावलेला चटका अजून आठवतो. पण याचे झाड कसे असते, असे नातीने विचारले असते तर माझ्याकडे उत्तर नसते. वेल की झुडूप? फूल कुठल्या रंगाचे? शेंग असते की फळ? ज्याची बी तीन पिढ्या घरात आहे, त्या झाडाला मी ओळखत नव्हते.

हिवाळ्यात एकदा डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या पुढे, खाडीच्या कडेने चालत होते. उल्हास नदी इथे खाडी होऊन वाहते, भरतीचे पाणी कल्याणच्या दुर्गाडीपर्यंत चढते. ओहोटी होती, चिखलाचा वास पसरला होता. खारफुटी संपून जमीन जिथे थोडी उंचावते, तिथे एका बाभळीवर काहीतरी दाट चढले होते. चिंचेसारखी लहान लहान पर्णिकांची, पण हातभर लांब पाने. आणि मध्ये मध्ये तपकिरी, फुगीर, सगळीकडून काटे फुटलेल्या शेंगा. एक शेंग उकललेली होती. तोंड उघडावे तशी तिची दोन दळे बाजूला झाली होती आणि आत, एकाला एक लागून, दोन राखाडी गोटे बसले होते.

आईच्या डबीतलेच ते. मी हात पुढे केला.

"बाय, हात नको घालूस," मागून आवाज आला. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी उभी होती. "गजगा हाय तो. धरला का सोडत नाय."

"मावशी, हाच ना सागरगोटा?"

"आमी गजगा बोलतो. आमच्या वाड्याच्या कुंपनाला व्हता आदी. आता वाडाच नाय ऱ्हायला."

मावशीने मोळी खाली ठेवली, कोयत्याच्या टोकाने ती शेंग तोडून माझ्या पायाशी पाडली आणि निघून गेली. तिचे म्हणणे खरे होते. शेंग उचलताना पानाचा एक देठ बाहीत अडकला. त्याच्या खालच्या बाजूला आकड्यासारखे उलटे वळलेले काटे होते. पुढे ओढले की आणखी रुततात, मागे सरकून एकेक सोडवावे लागतात. बाही सुटायला पाच मिनिटे लागली. त्या पाच मिनिटांत मी जेवढे जवळून त्या झुडपाकडे पाहिले, तेवढे कुठल्याच झाडाकडे पाहिले नसेन. याच काट्यांच्या आधाराने ते बाभळीवर चढते. स्वतःचे खोड त्याला फार जाड करावे लागत नाही.

घरी येऊन पुस्तके काढली. सागरगोटा शेंगांच्या कुळातला. तूर, हरभरा, चिंच, गुलमोहोर, करंज हे सगळे त्याचे भाऊबंद. आपल्या सोसायट्यांच्या फाटकाशी लाल-पिवळा शंकासूर फुललेला असतो, तो तर अगदी जवळचा. सागरगोट्याची फुले पिवळी, लांब तुऱ्यांत येणारी. संस्कृतात त्याला लताकरंज म्हणतात, कंटककरंज म्हणतात, आणि सर्वांत सुंदर नाव म्हणजे कुबेराक्ष, कुबेराचा डोळा. धनाच्या देवाचा डोळा असा राखाडी, न लवणारा असावा, हे ज्याला सुचले त्याने हा गोटा नक्कीच तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला असेल. नीट पाहिले तर त्यावर केसासारख्या बारीक रेषांची गोल वर्तुळेही दिसतात.

लिनियसने १७५३ साली त्याला ग्विलांडिना बोंडुक असे नाव दिले. मग तो सेसाल्पिनिया झाला आणि अलीकडे पुन्हा ग्विलांडिना. यातला बोंडुक हा शब्द अरबी 'बुन्दुक'वरून आला. बुन्दुक म्हणजे एक कठीण कवचाचे गोल फळ, आणि त्यावरूनच गोळी. आपल्या मराठीतली बंदूक त्याच शब्दाची. एकाच अरबी शब्दाचे एक टोक लष्कराकडे गेले आणि दुसरे या झाडाच्या नावात येऊन राहिले. मुलींच्या ओच्यात राहिलेले टोक मला जास्त आपले वाटते.

पण याला 'सागर'गोटा का म्हणायचे? हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला.

एक गोटा कानाशी धरून हलवला. आत काहीतरी किंचित खुळखुळले. बी वाळताना आतला गर आकसतो आणि कवच व गर यांच्यामध्ये पोकळी राहते. त्या पोकळीत हवा असते, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. कवच इतके पक्के असते की समुद्राचे खारे पाणी आत शिरत नाही. शेंग खाडीकाठी उकलते, उधाणाच्या भरतीला गोटा पाण्यात पडतो आणि चालू लागतो. ठाण्याच्या खाडीतून, वसईच्या खाडीतून, अरबी समुद्रात. पुढे प्रवाह नेईल तिकडे. म्हणूनच जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर हेच झुडूप सापडते. याला कुणी नेऊन लावले नाही, हे आपले आपण गेले.

आणि जिथे ते उगवूच शकत नाही, अशा थंड किनाऱ्यांवरही त्याच्या बिया जाऊन पडत. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर लाटांबरोबर अनोळखी बिया येत. कुठल्या झाडाच्या, तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हते. सतराव्या शतकाच्या अखेरीस हॅन्स स्लोन नावाच्या डॉक्टरने त्या ओळखल्या, कारण तो जमैकात राहून आला होता आणि त्यातली झाडे त्याने तिथे प्रत्यक्ष पाहिली होती. राखाडी गोटा त्यांतच होता. अटलांटिक ओलांडून तो आला होता. १७०३ साली मार्टिन मार्टिन या लेखकाने स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांचे वर्णन छापले. किनाऱ्यावर सापडणाऱ्या अशा बियांतली पांढुरकी बी तिथल्या आया मुलांच्या गळ्यात बांधत, असे त्यात आहे. दृष्ट लागू नये म्हणून. मुलावर कुणाची वाईट नजर पडली तर बी काळी पडते, अशी समजूत होती. ती पांढुरकी बी म्हणजे आपला सागरगोटाच, असे जाणकार मानतात.

हे वाचले त्या रात्री झोप लागेना. थंड बेटावरची एक आई बाळाच्या गळ्यात ही बी बांधते आहे, आणि इकडे कोकणातली माझी आजी तीच बी सहाणेवर उगाळून बाळगुटीत घालते आहे. दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. दोघींच्या मनातली काळजी मात्र एकच, पोर वाचावे.

वेस्ट इंडीजच्या अँटिग्वा आणि बार्बाडोसमध्येही हे गोटे खेळात आहेत. तिथे लाकडी फळीवर खळगे पाडलेले असतात आणि त्यांत हे गोटे वाटत वाटत पुढे जायचे. वारी नावाचा हा खेळ. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर तो तिथे गेला. त्यांच्याकडून घर, नाव, भाषा सगळे हिसकावले गेले होते. खेळ डोक्यात होता आणि गोटे किनाऱ्यावर मिळाले. आई म्हणाली ना, डोळ्यांना आठवतंय सगळं. तिचे ते वाक्य मला इथे पुन्हा ऐकू आले.

औषध म्हणून तर याचा लौकिक फार मोठा. आतला गर जहाल कडू. पोटदुखीला, जंतांना, सुजेला आणि मुख्य म्हणजे हिवतापाला वैद्य तो देत. १८६८ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानसाठी जो औषधकोश काढला, त्यात सागरगोट्याचा गर आणि काळी मिरी समभाग घेऊन केलेले चूर्ण तापावर सांगितले आहे. आणि हे केवळ जुन्या बाडांतले नाही. कोरोनाच्या काळात आयुष-६४ या गोळीचे नाव घरोघर ऐकू आले. ती मूळची हिवतापासाठी, १९८० साली केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने तयार केलेली. तिच्यात चारच वनस्पती आहेत: सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि चौथा कुबेराक्ष. ठाण्या-डोंबिवलीच्या रस्त्यांवर दिवाळीच्या आगेमागे ज्या सातविणीचा वास भरून राहतो, तीही त्यातली. ज्या गोळीची कितीतरी घरांत विचारपूस झाली, तिचे दोन घटक आपल्या पायाखाली होते. मात्र कुणी हे वाचून घरी गोटा फोडून खाऊ नये. त्याची मात्रा ठरवणे वैद्याचे काम.

आता त्या जागेविषयी सांगायला हवे, जिथे मला ते झुडूप भेटले.

खाडीकाठाचे तीन थर असतात. पहिला चिखलाचा, तो भरतीच्या पाण्याखाली जातो. दुसरा खारफुटीचा, तिवरांचा. आणि तिसरा, त्यामागचा उंचवटा, जिथे फक्त उधाणाचे पाणी पोचते. सागरगोटा या तिसऱ्या थराचा रहिवासी. खारफुटीचे महत्त्व आपल्याला उशिरा का होईना, कळले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी तोडण्यावर बंदी घातली आणि २०१८च्या निकालात तर खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला, असे म्हटले. राज्य सरकारने त्यासाठी वेगळा कांदळवन कक्ष काढला. ठाणे खाडीच्या काही भागाला २०१५ साली रोहित पक्षी अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली आणि २०२२ साली ती रामसर पाणथळ ठरली. हे सगळे झाले, चांगले झाले. त्यासाठी झटलेल्या माणसांचे ऋण मोठे आहे.

खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा आहे. कागदावर तोच सागरगोट्याचा तिसरा थर. पण त्या पट्ट्याला कुणी खारफुटी म्हणत नाही आणि जंगलही म्हणत नाही. झाडोरा, काटेरी झुडपे, पडीक जमीन, असेच म्हणतात. कल्याणपासून ठाण्यापर्यंत खाडीच्या दोन्ही काठांनी जा. जुन्या इमारती पाडून निघालेला राडारोडा रात्री डंपर येऊन नेमका याच पट्ट्यात ओततात. तिवर तोडले तर बातमी होते. गजगा गाडला गेला तर कुणाला कळतही नाही.

मी मार्चमध्ये पुन्हा गेले. बाभूळ उभी होती. तिच्या बुंध्याशी फुटक्या फरशा, प्लास्टरचे तुकडे आणि निळ्या मोझाइकच्या न्हाणीघराचा एक आख्खा कोपरा पडला होता. झुडपाचा खालचा अर्धा भाग त्याखाली होता. वरचा भाग बाभळीला आकड्यांनी धरून लोंबत होता. पाने सुकलेली होती, पण शेंगा तशाच घट्ट. मी कितीतरी वेळ तिथे उभी होते. ती मावशी भेटेल असे वाटत होते. भेटली नाही. चार गोटे वेचून आणले.

एक काळ असा होता की शेताला, वाडीला, परसाला गजग्याचे कुंपण लावत. गुरे त्यातून शिरत नसत. चोरही शिरत नसे. पुढे तार आली, मग सिमेंटची भिंत. भिंत बांधल्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही, मीही भिंतीआडच राहते. पण कुंपण गेले तसा आपल्या दारातून गजगाही गेला, आणि मुलींच्या खेळात प्लास्टिकचे आणि घुंगरू भरलेले पितळेचे गोटे आले. त्यांनाही नाव सागरगोटेच. ज्यात सागर नाही आणि बीही नाही, त्यालाही आपण तेच म्हणतो. शब्द जगला आहे, हे मला पटते. पण शब्दामागचे झाड दाखवायला नातीला कुठे न्यायचे?

म्हणून मी एक केले. वेचून आणलेल्या चारांपैकी दोन गोटे घेतले. आईच्या डबीतल्यांना हात लावायची हिंमत नव्हती. आधी नुसते पाण्यात टाकून पाहिले. आठ दिवस तरंगत राहिले, जसे टाकले तसेच. मग वाचले की या बीला स्वतःहून घाई नसते. कवच पाणी आत घेत नाही, तोवर आतला अंकुर जागा होत नाही. निसर्गात वाळू, ऊन, लाटा यांनी घासून घासून कवचाला एखादी जागा पातळ पडते, तेव्हा ओल आत जाते. तेच आपल्याला हाताने करावे लागते.

नात आणि मी बाल्कनीत बसून एकेक गोटा घासला. तिने पॉलिशपेपर धरला, मी गोटा. तो इतका तापला की दोनदा खाली टाकावा लागला. भावाच्या चटक्याची गोष्ट तिला तेव्हाच सांगितली. अर्ध्या तासाने राखाडी कवचाखाली पांढुरका ठिपका दिसला. तिथेच थांबलो. रात्रभर पाण्यात ठेवले. सकाळी दोन्ही गोटे फुगून जवळजवळ दीडपट झाले होते, वरची चकाकी जाऊन कवच मऊ पडले होते. नात ओरडली, "पणजी, खरंच बी आहे!" आईने हातात घेऊन दाबून पाहिले. आयुष्यभर जी वस्तू तिच्या हातात दगडासारखी कडक होती, ती पहिल्यांदाच तिच्या बोटांखाली दबली. ती काही बोलली नाही. फुगलेला गोटा कितीतरी वेळ तळहातावर घेऊन बसली.

कुंडीत दोन्ही पुरले. तीन आठवड्यांनी एक वर आला. आज तो वीतभर आहे आणि देठाला पहिले आकडे फुटले आहेत. बाल्कनी ही त्याची जागा नव्हे. पावसाळा लागला की ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर, टिटवाळ्याकडे, त्याला नेऊन लावायचे ठरले आहे.

तुमच्याही घरात, जुन्या ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या खणात, आजीच्या बटव्यात असे गोटे असतील. त्यातला एक तरी काढा. एका बाजूने पांढरे दिसेपर्यंत घासा, रात्रभर पाण्यात ठेवा, आणि जिथे मुले खेळत नाहीत पण जमीन मोकळी आहे, अशा कुंपणाशी लावा. बोटभर खोल पुरे. पाणी मात्र बेताने घाला, फार ओलीने बी कुजते.

बाकीचे चार डबीत राहू द्या. पण खेळायला पाच लागतात, तेव्हा पाचवा आणायला पोरीला घेऊन खाडीवर जा.